पट आणि निकाल

शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाचे पान बहुधा ठरलेले असते. स्थापना, इमारत, मुख्याध्यापकांची नामावली, बोर्डात झळकलेली मुले आणि शेवटी हितचिंतकांचे आभार. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचा इतिहासही या साच्यात बसवता येईल. पण मग या शाळेजवळ असलेली आणि फार थोड्या शाळांजवळ असेल अशी एक गोष्ट बाहेर राहील, ती म्हणजे तिचे जुने जनरल रजिस्टर. त्यात १९१४ या क्रमांकावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या एका मुलाचे नाव आहे: भिवा रामजी आंबेडकर. इयत्ता पहिली इंग्रजी. २०२५ मध्ये या नोंदीला १२५ वर्षे झाली.

ही नोंद आता सर्वांना ठाऊक आहे. ती दाखवताना आपण तेवढ्या एका ओळीवर बोट ठेवतो आणि पान मिटतो. या लेखात जरा जास्त वेळ रजिस्टरापाशी थांबायचे आहे. पटावर कोण होते, कोण नव्हते आणि जे होते त्यांचा निकाल काय लागला, एवढेच पाहायचे आहे. निकाल स्वतंत्रपणे सांगायची आपल्याकडे सवय आहे. पट बाजूला ठेवून वाचलेला निकाल मला तरी अर्धा वाटतो.

शाळेला ज्यांचे नाव आहे ते छत्रपती प्रतापसिंह महाराज १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याच्या राज्याचे प्रमुख म्हणून नव्याने उभे राहिले. सुरुवातीला कारभार ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होता. महाराजांना वाचनाची आणि नोंदी ठेवण्याची आवड. त्यांची रोजनिशी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. १८२४ चा जुना राजवाडा त्यांनीच बांधला, आणि आपल्या शाळेचे नाव पुढे याच राजवाडा परिसराशी जोडले गेले. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला जाऊन वर्षानुवर्षे राहिले, ती कथा सातारकरांना सांगायला नको.

शाळेच्या दृष्टीने प्रतापसिंहांच्या चरित्रातला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. १८३० च्या सुमारास भोसले घराण्याचे विधी वेदोक्त करायचे की पुराणोक्त, म्हणजे छत्रपती क्षत्रिय ठरतात की नाही, यावर साताऱ्यात शास्त्रार्थ झाला. गादीवर बसलेल्या राजालाही आपली जागा सिद्ध करावी लागली. ज्यांच्या नावाने ही शाळा ओळखली जाते, त्यांनाच जन्माच्या आधारावर हक्क नाकारण्याचा अनुभव होता हा योगायोग खरा. मात्र त्यावरून पुढचे सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये.

१८४८ मध्ये संस्थान खालसा झाले आणि सातारा मुंबई इलाख्यातला एक जिल्हा झाला. तेव्हा सरकारी शाळांची मांडणी आजच्याहून वेगळी होती. आधी मराठी इयत्ता. त्या सातवीपर्यंत करून फायनल पास झाले की शाळामास्तर किंवा तलाठी-कारकून होता येई, आणि खेड्यापाड्यातल्या पुष्कळ घरांची शिडी तिथेच संपे. ज्यांना पुढे जायचे ते मराठी चौथीनंतर इंग्रजी पहिलीत जात. इंग्रजी पहिली ते तिसरी म्हणजे मिडल स्कूल, त्यापुढे हायस्कूल आणि शेवटी मॅट्रिक. हा मधला तीन इयत्तांचा टप्पा इतिहासकार भरभर ओलांडतात. गाळणी मात्र इथेच लागत असे. प्राथमिक शाळेत निदान नाव तरी लागे. इंग्रजी पहिलीच्या उंबऱ्यावर फी, पुस्तके, शहरात राहण्याची सोय आणि जात असे चार पहारेकरी उभे असत.

जातीचा पहारा कागदावर कसा होता हे पाहण्यासारखे आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला घ्यावे असा अर्ज झाला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. सरकारने अर्ज फेटाळला. मुलाची बाजू न्यायाची आहे, पण एकाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असा तो युक्तिवाद. पुढे वरून कान टोचले गेले आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारने तत्त्व जाहीर केले की, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांना भेदाभेद न करता खुल्या राहतील. तत्त्व चांगलेच होते. पण दार उघडे आहे एवढे म्हणून कोणी आत येत नाही, आणि आलाच तर त्याला बसायला जागा कुठे, याचे उत्तर त्या ठरावात नव्हते.

परिणाम किती झाला हे हंटर आयोगाच्या वेळच्या आकड्यांत दिसते. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये ज्या आयोगापुढे प्राथमिक शिक्षणावर जास्त खर्च करा, ते बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा असे निवेदन दिले, तोच हा आयोग. १८८१-८२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या मिडल स्कूलमध्ये ब्राह्मण विद्यार्थी ३,६३९ होते, म्हणजे एकूण मुलांपैकी ३०.७ टक्के. शेतकरी जातींची मुले ६२४, म्हणजे ५.२६ टक्के. आणि ज्यांना त्या कागदांत खालच्या जाती म्हटले होते त्यांची मुले १७.

सतरा. एका जिल्ह्यात नव्हे, साऱ्या इलाख्यात. टक्केवारी काढली तर ०.१४. त्यापुढच्या हायस्कुलांत ब्राह्मण मुले १,९७८, शेतकऱ्यांची १४० आणि खालच्या म्हटलेल्या जातींचे एकही नाही. हे कोष्टक १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मांडले गेले, आणि मांडणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या सतरा मुलांनंतर एकोणीस वर्षांनी ते स्वतः याच टप्प्यावरच्या एका वर्गात शिरले होते.

आता रजिस्टरातल्या त्या मुलाच्या घरची स्थिती पाहू. आजच्या भाषेत विद्यार्थ्याची पार्श्वभूमी. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त होऊन दापोलीहून साताऱ्याला आलेले. आई भीमाबाई १८९६ मध्ये साताऱ्यातच वारली. त्यानंतरची वर्षे दुष्काळाची. रामजी खटाव भागात दुष्काळी कामावरच्या तलावाच्या खोदाईवर खजिनदार होते, म्हणजे घरापासून दूर. साताऱ्यात चार पोरे: भीमराव, थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुले. सांभाळायला थकलेली आत्या. पोळ्या कुणाला जमत नसत. तांदूळ आणि मटण एकत्र शिजवले की झाले, म्हणून पुष्कळदा पुलावावर भागे. ऐपत असूनही परीट या घरचे कपडे धूत नसे आणि न्हावी केस कापत नसे. केस कापायचे काम दुसऱ्या एका थोरल्या बहिणीने शिकून घेतले होते. हे सारे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे.

त्याच आत्मकथनात शाळेविषयी जे आहे ते मला या सगळ्या इतिहासाचे मर्म वाटते. वर्गात मुलांनी आपापल्या नंबराप्रमाणे बसायचे अशी पद्धत होती. उत्तर आले की नंबर वर, चुकले की खाली. जुन्या शाळांत शिकलेल्या आजोबा-पणजोबांकडून हे आपण ऐकलेले असते: अमक्याला खाली उतरवून मी वर बसलो, अशी त्यांची फुशारकी. हा चढउतार या मुलाच्या वाट्याला नव्हता. त्याला नंबराच्या जागी बसता येत नसे. त्याची जागा कोपऱ्यात, घरून आणलेल्या तरटावर. शाळा झाडणारा गडी त्या तरटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे.

म्हणजे वर्गात जागा ठरवण्याच्या दोन रीती एकाच वेळी चालू होत्या. एक गुणाची आणि दुसरी जन्माची. पहिली सगळ्यांना लागू होती, फक्त दुसरीने ज्याला बाहेर ठेवले त्याला सोडून. अशा वर्गातला निकाल कोणी मांडला तर त्याचे काय करायचे? या मुलाचा नंबर कितवा होता हे बसण्याच्या जागेवरून कुणालाच कळले नसते.

पाण्याचेही तसेच. इतर मुले मास्तरांची परवानगी घेऊन नळावर जात. याला शिपायाने नळ उघडून दिला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. शिपाई कुठे गेला, त्याची वेळ काय, यावर एका विद्यार्थ्याचा दिवस अवलंबून. आणि ही शाळा १८५८ च्या त्या तत्त्वाप्रमाणे सर्वांना खुली होती, हे विसरायचे नाही.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी, कारण ती बाबासाहेबांनीच नोंदवली आहे. मधल्या सुट्टीत मुलाला घरापर्यंत पायपीट नको म्हणून आपल्या शिदोरीतली भाजीभाकरी देणारे आंबेडकर मास्तर, पावसात भिजून आलेल्याला आपल्या घरी पाठवून कोरडे व्हायची सोय करणारे पेंडसे मास्तर, हे त्यांच्या आठवणींत मायेने येतात. नियमाने जे अडवले होते त्याच्या फटीतून काही माणसे माणुसकीने वागली. स्मरणिकांना असे प्रसंग फार आवडतात आणि ते छापावेतही. फक्त भाकरी देणाऱ्या मास्तरांच्या आठवणीने तरट झाकले जाऊ नये.

अभ्यासात मुलगा कसा होता? चरित्रकार धनंजय कीर यांनी दिलेली हकिकत अशी की, साताऱ्यात त्याचे लक्ष पुस्तकांत फारसे नव्हते. बागकाम करावे, शेळ्या राखाव्यात, मुंबईला पळून गिरणीत कामाला लागावे असे काहीबाही त्याच्या मनात चाले. प्रवासखर्चासाठी आत्याच्या कनवटीची पैशाची पिशवी लांबवली, तर निघाला अर्धा आणा. त्या शरमेतून तो अभ्यासाकडे वळला. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईला गेले. पुढे एल्फिन्स्टन हायस्कूल, जिथे संस्कृत घ्यायची इच्छा असून फारसी घ्यावी लागली, आणि १९०७ मध्ये मॅट्रिक.

मॅट्रिकला गुण पडले ७५० पैकी २८२. टक्केवारीत ३७.६.

आज हा निकाल लागला असता तर चौकातल्या फ्लेक्सवर या मुलाचा फोटो आला नसता. कुठल्या क्लासने जाहिरातीत घेतले नसते. त्या काळी मात्र मुंबईत सत्काराची सभा भरली. सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या सभेत जमलेल्यांना हे गुण कोणत्या पटावरून आले आहेत ते ठाऊक होते. सतरांच्या कोष्टकाशेजारी ठेवून वाचले की २८२ या आकड्याचे वजन कळते. एरवी तो काठावरचा निकाल.

पुढची काही दशके वेगाने सांगता येतील. १९१९ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला आणले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते भाऊरावांच्या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. साताऱ्याच्या शिक्षणात या वसतिगृहाने जो बदल केला तो कुठल्याही सरकारी ठरावाने केला नव्हता: सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली, एकाच आडाचे पाणी प्याली. भाऊरावांनी गाळणीतले दोन पहारेकरी एकदमच हटवले, राहण्याची सोय आणि जात. फीच्या पहारेकऱ्यासाठी त्यांनी कमवा आणि शिका ही योजना काढली.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आपली शाळाही पुढे सातारा जिल्हा परिषदेच्या कारभारात आली. १९७५ पासून मॅट्रिकच्या अकरावीऐवजी दहावीला बोर्ड आले. तेव्हापासूनची पाचवी ते दहावी ही रचना आजच्या पालकांना आपली वाटते.

या काळात रजिस्टरातल्या एका रकान्याचे नशीब पालटले, आणि ते नीट सांगितले पाहिजे. जात हा रकाना एकेकाळी मुलाला कुठे बसवायचे ते ठरवण्यासाठी उपयोगी पडत होता. स्वातंत्र्यानंतर तोच रकाना त्याच मुलाच्या नातवंडांचा पुरावा झाला. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीची, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीची आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीची नोंद विचारली जाते. ती सर्वात भरवशाने सापडते शाळेच्या रजिस्टरात. म्हणून जुन्या शाळांच्या कचेरीत जूनमध्ये जी गर्दी असते तीत प्रवेशासाठी आलेले जितके, तितकेच आजोबांचा उतारा मागणारे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तर महाराष्ट्रभर शाळांची कपाटे उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मान आला. अक्षर लागत नाही, शाई उडाली आहे, पान वाळवीने खाल्ले आहे, यावरून एखाद्या मुलीचा वैद्यकीय प्रवेश अडतो. रजिस्टर जपणे हे शाळेचे किती मोठे काम आहे, ते गुणवत्तेच्या कुठल्याही तक्त्यात मोजले जात नाही.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि जुने मिडल स्कूल नव्या नावाने परत आले: सहावी ते आठवी, उच्च प्राथमिक. आपल्याकडे पाचवी पूर्वापार हायस्कुलाला जोडलेली, कायद्याने ती प्राथमिकमध्ये धरली. त्यावरून शाळाशाळांत पाचवीच्या तुकडीची ओढाताण झाली, कारण पट म्हणजे संचमान्यता आणि संचमान्यता म्हणजे शिक्षकांची पदे. तुकडी गेली की कुणीतरी अतिरिक्त ठरतो. पट हा शब्द शिक्षकाच्या तोंडी आला की त्यामागे ही धास्ती असते, आणि ती समजून घेतल्याशिवाय आजच्या शाळांविषयी बोलणे सोपे पण अन्यायाचे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लागली. कागदावरची मुले आणि वर्गातली मुले यांत किती अंतर पडू शकते, ते तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले.

निकालाच्या बाबतीतही अंतर असते, पण त्याला शाई लावून पाहत नाहीत. शंभर टक्के निकाल हे शब्द दरवर्षी छापून येतात. नववीत जो कच्चा आहे त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून बसवायचे, म्हणजे शाळेच्या यादीत त्याचे नापास होणे येत नाही, ही वाट शिक्षणक्षेत्रात सर्वांना माहीत आहे. सगळ्या शाळा तसे करत नाहीत. पण जोवर फलकावर फक्त शेवटचा टक्का लिहिला जातो, तोवर प्रामाणिक शाळेला तोटा आणि चलाख शाळेला शाबासकी.

दहावीआधीच्या इयत्तांत आठवीचे वर्ष महत्त्वाचे झाले आहे. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून काही वर्षे चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला होती. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आठवीच्या मुलांसाठी केंद्राची एनएमएमएस परीक्षा असते. तीत निवड झाली की नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सरकारी शाळांत जी मुले उरली आहेत त्यांच्यापैकी कितींच्या घरी या रकमेवरून पुढचे शिक्षण ठरते, हे वर्गशिक्षकांना विचारावे. ऐपतीची घरे इंग्रजी माध्यमाकडे गेल्यावर राज्यातल्या जिल्हा परिषदांच्या शाळांच्या पटाचा रंग बदलला. तरीही दोन्ही प्रकारच्या शाळांचे निकाल आपण एकाच फुटपट्टीने मोजतो आणि मग सरकारी शाळेत शिकवत नाहीत असा निर्णय देऊन मोकळे होतो.

२०१७ पासून ७ नोव्हेंबर राज्यातल्या शाळांत विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. भाषणे, निबंध, वक्तृत्व होते, आणि आपल्या शाळेत त्या दिवशी पाहुण्यांची रीघ असते. या दिवसाला धरून एक काम करता येण्यासारखे आहे, खर्चाशिवायचे. पाचवीला जितकी मुले दाखल झाली त्यांपैकी किती जण त्याच शाळेतून दहावीला बसले आणि किती पास झाले, हा हिशेब दरवर्षी निकालाच्या फलकाशेजारी लावावा. त्यात मुली वेगळ्या दाखवाव्यात, बाहेरगावहून हंगामापुरती आलेल्या कुटुंबांची मुले वेगळी. हे आकडे शोधायला कुठे जायचे नाही. दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण रजिस्टरात एकाच ओळीत असतात.

कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी बदली, स्थलांतर किंवा सतत गैरहजर यांपैकी काहीतरी लिहिलेले सापडते. सतत गैरहजर म्हणून ज्याचे नाव कमी होते तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेला असतो, किंवा हॉटेलात लागलेला. ती असेल तर धाकट्या भावंडांसाठी घरी ठेवलेली, नाहीतर लग्न झालेली. वर्गशिक्षकाला यातले कोणते खरे ते बहुधा ठाऊक असते. रकाना मात्र एकच शब्द मावेल एवढाच आखलेला आहे. तो थोडा रुंद करायला हवा.